बेरीफळांतील अँथोसायनिने आणि मेदयुक्त यकृत

बिलबेरी, ब्लूबेरी, ब्लॅककरंट, क्रॅनबेरी, अ‍ॅरोनिया इ. फळांना लाल, जांभळा वा निळा रंग देणारी, पाण्यात विरघळणारी फ्लॅव्होनॉइड वर्गातील रंजकद्रव्ये म्हणजे अँथोसायनिने. यकृतपेशींत साठणाऱ्या मेदावर त्यांचा काय परिणाम होतो, याचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. दारुहळदीच्या कुळातील बार्बेरीच्या मुळांत व सालीत आढळणारे बर्बेरीन हे अल्कलॉइड (नायट्रोजनयुक्त वनस्पतिज द्रव्य) नावाने बेरीशी जवळचे वाटले, तरी त्याची रासायनिक जात वेगळी आहे. शांघायमध्ये १८४ रुग्णांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६ आठवड्यांच्या चाचणीत त्याने यकृतातील मेद घटल्याचे दिसले. परंतु काही समीक्षणांत तो पुरावा ‘बेरींचा गुण’ म्हणून दिला जातो, ते योग्य वाटत नाही.

यकृतातील ५ टक्क्यांहून अधिक पेशींत मेद साठला, की यकृत मेदयुक्त झाले असे मानतात. मद्यपान नसतानाही मद्यप्यांच्या यकृतासारखाच दाह आढळणाऱ्या २० रुग्णांचे वर्णन मेयो क्लिनिकमधील युर्गेन लुडविग व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये केले आणि त्या अवस्थेला ‘नॉन-अल्कोहोलिक स्टीॲटोहेपॅटायटिस’ (मद्याविना होणारा मेदजन्य यकृतदाह) हे नाव दिले. विकाराची व्याख्या ‘जे नाही’ त्यावरून करण्यावर पुढे आक्षेप येत राहिले. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय यकृततज्ज्ञ संघटनांनी चयापचयी बिघाडावर आधारलेली एमएएसएलडी (चयापचयी बिघाडाशी निगडित मेदयुक्त यकृतविकार) ही संज्ञा स्वीकारली. तिच्यानुसार यकृतातील मेदाबरोबर वजन, रक्तशर्करा, रक्तदाब किंवा रक्तातील मेद यांपैकी निदान एक दोष असावा लागतो. येथे उल्लेखिलेल्या बहुतेक चाचण्या जुन्या व्याख्येनुसार झाल्या आहेत.

अँथोसायनिनांचा सांगाडा फ्लॅव्हिलियम आयनाचा असून त्याला ग्लुकोज, गॅलॅक्टोज किंवा अ‍ॅरॅबिनोज यांसारख्या शर्करा जोडलेल्या असतात. शर्करा काढल्यास उरणाऱ्या अँथोसायनिडिनांपैकी सायनिडिन, डेल्फिनिडिन, पेलार्गोनिडिन, पिओनिडिन, पेट्युनिडिन व माल्व्हिडिन ही सहा आहारात प्रामुख्याने येतात. अम्ल द्रावणात हे रेणू लाल व स्थिर असतात. अम्लता घटत गेली की ते प्रथम रंगहीन, नंतर निळसर होतात आणि विघटन पावू लागतात. जठर अम्लधर्मी आणि लहान आतडे जवळजवळ उदासीन असल्याने पचनमार्गात त्यांचे पुढे काय होते, हा या विषयातील कळीचा व सर्वाधिक वादाचा मुद्दा ठरला.

सेवन केलेल्या अँथोसायनिनांपैकी एक टक्क्याहूनही कमी भाग मूळ रूपात रक्तात वा मूत्रात सापडतो, असे दीर्घकाळ नोंदले गेले व त्यावरून ती शरीराला जवळपास मिळतच नाहीत असा निष्कर्ष काढला गेला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात आठ पुरुषांना कार्बन-१३ या समस्थानिकाने चिन्हांकित केलेले ५०० मिग्रॅ. सायनिडिन-३-ग्लुकोसाइड देण्यात आले, तेव्हा चिन्हांकित कार्बनाचा सुमारे १२ टक्के भाग मूत्र व उच्छ्वास यांतून परत मिळाला. त्याचा बहुतांश मूळ रेणूच्या रूपात नव्हता, तर प्रोटोकॅटेच्युइक, व्हॅनिलिक व हिप्पुरिक अम्लांसारख्या विघटनजन्य पदार्थांच्या रूपात होता. दुसऱ्या बाजूस, उंदरांच्या जठरातून अखंड अँथोसायनिने काही मिनिटांतच प्रतिहारी शिरेत पोचतात असे दाखवले गेले आहे. ही शीर रक्त थेट यकृताकडे नेत असल्याने हातातून काढलेल्या रक्ताच्या तपासणीवरून यकृताला मिळणाऱ्या मात्रेचा अंदाज कमी येत असावा. तिसरे मत आतड्यातील जीवाणूंना महत्त्व देते : कॅनडातील लाव्हाल विद्यापीठाच्या २०१५ मधील अभ्यासात मेद व साखर यांनी समृद्ध आहारावरील उंदरांना क्रॅनबेरीचा अर्क दिला असता यकृतातील मेद घटला आणि अ‍ॅकरमान्सिया या हितकारक मानल्या जाणाऱ्या जीवाणूंचे प्रमाण वाढले. या तीन मतांपैकी विघटनजन्य पदार्थ व जीवाणू यांची सांगड घालणारे स्पष्टीकरण उपलब्ध मोजमापांशी अधिक जुळते.

यकृतपेशींवरील प्रयोगांत अँथोसायनिने पेशीतील ऊर्जेचे नियमन करणारे एएमपीके हे विकर (एंझाइम) सक्रिय करतात असे दिसते. त्यामुळे अ‍ॅसिटिल-कोए कार्बॉक्सिलेज हे मेदनिर्मितीतील विकर मंदावते, त्याच्यामुळे बनणारे मॅलोनिल-कोए घटते आणि वसाम्ले साठण्याऐवजी कलकणूंत (मायटोकाँड्रियांत) जाऊन जळण्यास वाट मिळते. मेदनिर्मितीची जनुके चालवणाऱ्या एसआरईबीपी-१सी या घटकाचे दमन आणि एनआरएफ-२ या नियामक प्रथिनामार्फत ऑक्सिडीकारक ताणाविरुद्धचा बचाव, हे आणखी दोन मार्ग सांगितले जातात. मेदसंचय हा पहिला व ऑक्सिडीकारक ताण हा दुसरा आघात मानणारी डे व जेम्स यांची १९९८ मधील ‘दोन आघातां’ची उपपत्ती या मांडणीला सोयीची होती, आज अनेक समांतर आघातांची कल्पना अधिक मान्य आहे. मात्र पेशीप्रयोगांत वापरलेली संहती (द्रावणातील प्रमाण) बहुधा रक्तात प्रत्यक्ष आढळणाऱ्या संहतीच्या कित्येक पट असते, हे विसरून चालत नाही.

मानवावरील पुरावा तुलनेने तोकडा आहे. चीनमधील एका प्राथमिक दुहेरी-अंध (कोणाला काय दिले हे रुग्ण व संशोधक दोघांनाही ठाऊक नसलेल्या) चाचणीत (२०१५) ७४ रुग्णांपैकी एका गटाला बिलबेरी व ब्लॅककरंट यांपासून काढलेली शुद्ध अँथोसायनिने रोज ३२० मिग्रॅ. याप्रमाणे १२ आठवडे देण्यात आली. यकृतपेशींना इजा झाल्यास रक्तात वाढणारे एएलटी हे विकर तसेच पेशीमृत्यूचे निदर्शक असलेला सायटोकेराटिन-१८ चा तुकडा या गटात घटला. एएलटी उतरणे म्हणजे यकृतातील मेद किंवा तंतुमयता (यकृतात व्रणऊतक साठणे) ओसरणे नव्हे. ते ठरवण्यासाठी ऊतक-परीक्षा किंवा किमान चुंबकीय अनुस्पंदन (एमआरआय) लागते, आणि १२ आठवड्यांत तंतुमयतेत फरक पडण्याची अपेक्षाही धरता येत नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या रेस्मेटिरॉम या मेदजन्य यकृतदाहावरील औषधाची पारख ऊतक-परीक्षेवर झाली होती. द्राक्षे व बेरींतील रेझ्व्हेराट्रॉल हे बोधप्रद उदाहरण आहे : प्राण्यांत आशादायक ठरलेल्या या द्रव्याच्या मोठ्या मात्रा देऊनही ऑस्ट्रेलिया व डेन्मार्क येथील चाचण्यांत रुग्णांना ठोस लाभ झाला नाही.

फळाचे रूपही महत्त्वाचे आहे. जॅम, सिरप व गोड रस यांतील फ्रुक्टोज यकृतात जाऊन नव्या मेदनिर्मितीला कच्चा माल पुरवते, त्यामुळे रंजकद्रव्यांचा संभाव्य लाभ साखरेने वाया जाऊ शकतो.

महाराष्ट्र व गोव्यातील फळांपैकी जांभळात डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन व माल्व्हिडिन यांची द्विग्लुकोसाइडे, तर कोकमाच्या सालीत सायनिडिनाची ग्लुकोसाइड व सँब्युबायोसाइड ही अँथोसायनिने असतात. जांभळावरील संशोधनाचा भर मधुमेह व बियांचे चूर्ण यांवर राहिला आहे. करवंदही गडद रंगाचे असले, तरी त्याचा यकृताच्या संदर्भातील अभ्यास त्रोटक आहे. अमृतकोकम करताना सालींवर साखरेचे थर देऊन पाक सुटू देतात. म्हणून वर जॅमविषयी दिलेला इशारा त्यालाही लागू पडतो, मीठ लावून वाळवलेल्या आमसुलाला नाही. कोकमातील हायड्रॉक्सिसिट्रिक अम्ल मेदनिर्मितीतील एटीपी-सायट्रेट लायेज हे विकर रोखते व त्यामुळे वजन घटवण्याच्या गोळ्यांत ते वापरले जाते. ते बहुधा कोकमाच्याच गार्सिनिया वंशातील गार्सिनिया कँबोजियापासून काढतात. अशा अर्कांच्या सेवनानंतर तीव्र यकृतदाह झाल्याच्या नोंदी आहेत आणि त्यांतील बऱ्याच रुग्णांत एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय प्रकार आढळला आहे.