व्यसनमुक्तीच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभागी व्हायचंय? मुंबईतल्या कुटुंबांसाठी शोध, पात्रता आणि कागदपत्रांची माहिती

घरातल्या माणसाची दारू सुटत नाही. दोन-तीन सेंटरं करून झालीत, पैसे गेलेत. अशात कुणीतरी सांगतं, अमुक हॉस्पिटलात नव्या औषधाची ट्रायल, म्हणजे रुग्णांवरची चाचणी, चालू आहे, सगळं फुकट आहे. मग बायको नाहीतर भाऊ विचारत सुटतो, "त्याचा फॉर्म कुठे मिळतो?"

असा फॉर्म कुठेच मिळत नाही. म्हाडासारखी अर्जाची खिडकी नसते आणि सगळ्यांसाठी एकच शेवटची तारीखही नसते. प्रत्येक ट्रायल वेगळी, तिचे निकष वेगळे. तुम्ही चालू असलेली ट्रायल शोधता, तिथे फोन करता, तपासणीला जाता आणि निकषात बसलात तर तुम्हाला संमतीपत्र देतात. या सगळ्याला अर्ज म्हणायचं तर म्हणा.

शोध सुरू करायची जागा म्हणजे सीटीआरआय, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची ही सरकारी नोंदवही २००७ साली सुरू झाली. २००९ पासून औषधांच्या ट्रायलची नोंद तिथे बंधनकारक आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे, लॉगिन लागत नाही. अडचण एवढीच की ते इंग्रजीत आहे, त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्या भाचीला शेजारी बसवा. 'दारू' किंवा 'व्यसन' टाकून काही सापडणार नाही. अल्कोहोल डिपेंडन्स, ओपिऑइड डिपेंडन्स, टोबॅको सेसेशन असे शब्द टाकावे लागतात. नोंदीत आजाराचा कोडही असतो: दारूसाठी एफ१०, गर्द-ब्राउन शुगरसाठी एफ११, गांजासाठी एफ१२, तंबाखूसाठी एफ१७.

यादी आली की हुरळून जाऊ नका. आधी 'रिक्रूटमेंट स्टेटस' बघा. 'ओपन टू रिक्रूटमेंट' असेल तरच पुढे वाचण्यात अर्थ. मग 'टाइप ऑफ स्टडी'. यातल्या बऱ्याच नोंदी एमडी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधाच्या असतात. 'ऑब्झर्व्हेशनल' लिहिलं असेल तर तिथे नवीन उपचार मिळत नाही. प्रश्नावली भरून घेतात, फार तर रक्त तपासतात. तुम्हाला हवी ती 'इंटरव्हेन्शनल'. तीही औषधाचीच असेल असं नाही. योग, समुपदेशन, आयुर्वेद, होमिओपॅथी यांच्या ट्रायलही इथेच नोंदवलेल्या असतात. शेवटी 'साइट्स ऑफ स्टडी'मध्ये मुंबईचा पत्ता आहे का ते पाहा. ट्रायल बंगळुरूला आणि दर पंधरा दिवसांनी तपासणी असेल, तर नोकरी सांभाळून ते जमत नाही.

त्याच पानावर जनतेच्या चौकशीसाठी संपर्काचा फोन आणि ईमेल असतो. नोंद मागे पडलेली असू शकते, म्हणून थेट जाऊन उभे राहण्याआधी फोन करा आणि ट्रायलचा सीटीआरआयपासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक सांगूनच विचारा. एका काकूंनी क्रमांक न घेताच जाऊन अख्खा दिवस एका ओपीडीतून दुसऱ्या ओपीडीत घालवला होता.

पात्रतेत वय बहुतेक वेळा १८ च्या पुढे लागतं आणि डॉक्टरांनी व्यसनाधीनतेचं निदान केलेलं असावं लागतं. यकृत फार खराब असेल, गरोदरपण असेल, फिट येत असतील, तीव्र मानसिक आजार असेल किंवा माणूस आधीच दुसऱ्या ट्रायलमध्ये असेल, तर सहसा घेत नाहीत. औषधाप्रमाणेही अटी बदलतात. नॅलट्रेक्सोन या व्यसनावरच्या औषधाची ट्रायल असेल तर शरीरात गर्द किंवा त्या जातीचं काहीच नको, साधारण ७ ते १० दिवस लांब राहिलेलं हवं. नाहीतर ते औषध एकदम तीव्र विड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, आणतं.

इथे एका गोष्टीवर मला जास्त बोलायचं आहे. "ट्रायलला घ्यायला हवं म्हणून आम्ही त्यांची कालपासून बंद केली," असं घरचे अभिमानाने सांगतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडणं धोक्याचं आहे. हात थरथरायला लागतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात. यात माणूस जातोही. डिटॉक्स, म्हणजे शरीरातली दारू उतरवणं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. तेवढ्यासाठी ट्रायलची वाट पाहायची नाही. केईएम, नायर, सायन, जेजे, कुठल्याही मोठ्या सरकारी किंवा पालिका हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा. ट्रायल मिळो न मिळो, उपचार तिथे सुरू होतात. शिवाय ट्रायलचे डॉक्टर पुढे हाच केसपेपर मागतात.

सोबत फोटो असलेलं ओळखपत्र घ्या, जुने केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डं घ्या, लिव्हरचे रिपोर्ट आणि ईसीजी असतील तर तेही. चालू गोळ्यांची नावं आठवत बसण्यापेक्षा रिकामी पाकिटंच पिशवीत टाका. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला यासाठी तहसील कार्यालयात खेपा घालू नका.

उत्पन्नाचा प्रश्न मात्र संमतीपत्रात येतो आणि माणसं तिथे बिचकतात. नव्या औषधाच्या ट्रायलच्या संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं भरायचं असतं. "नॉमिनी? म्हणजे मरणार की काय?" असं एका गृहस्थांनी पेन खाली ठेवून विचारलं होतं. ही माहिती नुकसानभरपाईसाठी असते. न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, २०१९ प्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, आणि मृत्यू झाला तर नॉमिनीला भरपाई द्यावी लागते. कॉलम कोरा सोडू नका.

संमतीपत्र मराठीत मागा. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. काही ट्रायलमध्ये ही सगळी बोलणी व्हिडिओवर रेकॉर्ड करतात, तोही नियमाचाच भाग आहे. सही केलेली प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. प्यायलेल्या अवस्थेत सही करू नका. ती संमती धरली जात नाही. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्ये दारू-ड्रग्जच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीही येते आणि त्या कायद्याने रुग्ण संमती कधीही मागे घेऊ शकतो. त्यामुळे बायकोने, आईने "तुम्ही सही करा, मी सांगते" म्हणून भागत नाही.

म्हाडासारखी अर्जाची खिडकी नाही असं वर म्हटलं, पण आत गेल्यावर म्हाडासारखी एक लॉटरी असतेच. नवीन औषध कुणाला आणि जुनं किंवा बिनऔषधी गोळी कुणाला, हे बऱ्याच ट्रायलमध्ये चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि अनेकदा तुम्हाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. म्हणून सहीआधी विचारून घ्या: बिनऔषधी गोळी मिळाली तर नेहमीचा उपचार चालू राहतो का? ट्रायल संपल्यावर औषध कोण देणार? येण्याजाण्याचा खर्च मिळतो का? मध्येच प्यायली गेली तर काढून टाकतात का? शेवटचा प्रश्न विचारायला लाज वाटते, पण तोच आधी विचारा.

आणि ट्रायलमध्ये घेण्यासाठी कुणी पैसे मागितले तर तिथून उठा. संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे रुग्णांचे हक्क सांभाळणाऱ्या समितीचा, संपर्क छापलेला असतो, तक्रार तिकडे करायची. पोलिसांची भीती घालून कुणी अडवत असेल तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४अ वकिलाला दाखवा: फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढूनही घेता येतं.

ट्रायल सापडेपर्यंत बोलायला कुणी हवं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६ आणि तंबाखूसाठी क्विटलाइन १८००-११-२३५६.