इलेक्ट्रिशियन अप्रेंटिसशिप (महाराष्ट्र)

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, म्हणजे सरकारी कागदावरचा वीजतंत्री, पास झाल्यावर एखाद्या कंपनीत किंवा सरकारी आस्थापनेत करार करून, विद्यावेतन घेऊन केलेलं साधारण एक वर्षाचं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. आयटीआयची दोन वर्षं वेगळी आणि हे वर्ष वेगळं, सर्टिफिकेटंही दोन. आयटीआय न करता थेट अप्रेंटिस म्हणूनही लागता येतं, पण मग आधी मूलभूत प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि मुदत वाढते.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण 1850 च्या अप्रेंटिस कायद्यापर्यंत मागे जातात, पण तो मुळात अनाथ आणि गरीब मुलांना कारागिराकडे बांधून द्यायचा कायदा, विजेचा तेव्हा इथे पत्ताच नव्हता, त्यामुळे नाव एक असलं तरी नातं लांबचंच म्हणायचं. दुसरं मत मुंबईच्या वर्कशॉपांकडे बोट दाखवतं. 1907 ला विजेची ट्राम, 1915 ला खोपोलीचं जलविद्युत केंद्र, 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी, आणि या सगळ्याला वायरी ओढणारी, मोटर बांधणारी माणसं लागलीच असणार, ती मिस्त्रीच्या हाताखालीच तयार झाली असावीत. हे जास्त पटतं. पण करार, ठरलेली मुदत आणि शेवटी सरकारी परीक्षा ही आजची चौकट मात्र 1950 नंतरची आहे. त्या वर्षी आयटीआयची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आली, 1959 च्या सुमारास ऐच्छिक अप्रेंटिस योजना, आणि ऐच्छिक ठेवून कारखाने मुलं घेईनात म्हणून 1961 चा अप्रेंटिस कायदा, जो 1 मार्च 1962 पासून लागू झाला.

या कायद्यात अप्रेंटिस नक्की कोण, हा सगळ्यात वादाचा भाग. कलम 18 म्हणतं तो प्रशिक्षणार्थी, कामगार नाही, कामगार कायदे त्याला लागू नाहीत. पण कलम 14 फॅक्टरी कायद्यातली आरोग्य आणि सुरक्षेची प्रकरणं त्याला लावतं आणि कलम 16 कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर टाकतं, म्हणजे शॉक लागला, पोलवरून पडला तर "तू आमचा कामगार नाहीस" असं म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. हे दरेक मुलाला जॉइन व्हायच्या दिवशीच कुणीतरी सांगायला हवं. नोकरीचंही तसंच. कलम 22 नुसार वर्ष संपल्यावर कामावर घेणं बंधनकारक नाही, 2014 च्या दुरुस्तीनंतर भरतीचं धोरण मालकाने स्वतः ठरवायचं. सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या केसमध्ये म्हटलं की बाकी सगळं सारखं असेल तर शिकून तयार झालेल्या अप्रेंटिसला थेट उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावं. यावरून "अप्रेंटिस केली की नोकरी हक्काची" असा अर्थ बरेच लावतात, तो ताणलेला वाटतो, कारण "बाकी सगळं सारखं असेल तर" यातच सगळं आलं. ठोस फायदा रेल्वेत दिसतो, तिथे लेव्हल 1 च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, थेट भरतीत 20 टक्के जागा रेल्वेतच कोर्स पूर्ण केलेल्या अप्रेंटिसना राखीव असतात.

अर्ज केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर. महावितरणची मंडळ कार्यालयं, एसटी, कारखाने आपापल्या जाहिराती काढतात, मध्य रेल्वे मात्र स्वतःच्या भरती कक्षाच्या साइटवर अर्ज घेते. निवड बहुतेक ठिकाणी दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर. फॉर्म अडकतो तो बहुधा नावावर, कारण आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, त्यात वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं अक्षर, म्हणून जाहिरात यायच्या आधीच आधार सरळ करून घ्यावं आणि बँक खातं त्याला जोडून ठेवावं. आधी कुठे अप्रेंटिस केलेली असेल तर पुन्हा घेत नाहीत, त्यामुळे पहिली मिळेल ती धरण्याआधी विचार करावा.

करारपत्र पोर्टलवर नोंदवलं गेलं का हे स्वतः बघायचं. नोंदच नसेल तर वर्षभर राबूनही परीक्षेला बसता येत नाही. 2019 च्या नियमांत आयटीआयवाल्याला महिन्याला किमान 7000 रुपये धरलेत. करार मालकाच्या चुकीने मोडला तर तीन महिन्यांच्या विद्यावेतनाएवढी भरपाई त्याने द्यायची, उमेदवाराने मधेच सोडला तर तेवढाच प्रशिक्षणाचा खर्च उमेदवाराकडून.

काम जागेवर ठरतं. कारखान्यात पॅनल, मोठी मोटर सुरू करायचा स्टार-डेल्टा स्टार्टर, मोटरचं मेगर करणं म्हणजे इन्सुलेशन तपासणं, महावितरणकडे लाइन आणि डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. लाइनवर पहिला धडा परमिटचा, म्हणजे लाइन बंद करून काम करायच्या परवानगीचा. सबस्टेशनमधून सप्लाय बंद, एबी स्विच (पोलवरचा लाइन तोडायचा स्विच) उघडलेला डोळ्यांनी बघायचा, लाइन मेली का तपासायची, मग लाइन अर्थला जोडणारा डिस्चार्ज रॉड, आणि त्यातही आधी अर्थची बाजू जमिनीला पक्की करायची आणि नंतर हुक तारेला लावायचा, काढताना बरोबर उलटं. क्रम चुकला आणि लाइनमध्ये कुठून परत सप्लाय आला, एखाद्याच्या जनरेटरचासुद्धा, तर करंट रॉड धरलेल्याच्या अंगातून जातो. कामाला जोडून थिअरीचे तास असतात, ते बीटीआरआय केंद्रात (मूलभूत प्रशिक्षण आणि थिअरीचं सरकारी केंद्र) किंवा कंपनीतच होतात.

शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा, लेखी आणि प्रॅक्टिकल, पास झालं की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट. परीक्षा न देता नुसता कंपनीचा अनुभवाचा दाखला घेऊन बाहेर पडणारी मुलं दिसतात. रेल्वेच्या त्या राखीव जागांना तो दाखला चालत नाही.

हे सर्टिफिकेट म्हणजे वायरिंगची कंत्राटं घ्यायचा परवाना नव्हे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यापलीकडचं फिटिंगचं काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्याच्या देखरेखीखालीच करायचं असतं, आणि त्यासाठी विद्युत निरीक्षक विभागाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.