लाल फोनला 'लाइन' मिळाली कशी

12 जानेवारी 1966 ते 14 मार्च 1968 या काळात अमेरिकन टीव्हीवर चाललेल्या 'बॅटमॅन'मधला बिनडायलचा लाल फोन सगळ्यांना माहीत आहे. मालिका सुरू असताना मात्र तसा चालता फोन घेऊन घरच्या लाइनवर लावायची सोय नव्हती. मिळायची ती खेळणी. खरा फोन असायचा टेलिफोन कंपनीच्या मालकीचा, ग्राहकाकडे भाड्याने. बाहेरचं उपकरण जोडायला कंपनीची मनाई होती.

ही मनाई अमेरिकेच्या संघीय दूरसंचार नियामकाने (एफसीसी) जून 1968 मध्ये रद्द केली, म्हणजे मालिका संपल्यावर तीन महिन्यांनी. वाद होता वायरलेस संच टेलिफोनला जोडणाऱ्या एका साध्या उपकरणाचा. टेलिफोनच्या जाळ्याला अपाय नसेल तर जोडू द्या, असा निकाल लागला. कंपन्यांनी लगेच पळवाट काढली: बाहेरचा फोन लावायचा तर आमचीच संरक्षक पेटी मध्ये हवी, आणि तिचं भाडं दरमहा. चुकीच्या जोडणीमुळे लाइनमनला झटका बसेल ही भीती अगदीच खोटी नव्हती. पण ती घालवायला उपकरणाची चाचणी पुरेशी होती, आणि शेवटी झालंही तेच. अशा चाचणी झालेल्या उपकरणांच्या नोंदणीचे नियम 1975 मध्ये आले, कोर्टकचेऱ्या आटोपून 1977 मध्ये ते टेलिफोनलाही लागू झाले. चित्रविचित्र फोनांचा बाजार खऱ्या अर्थाने फुलला तो त्यानंतर.

आज असा फोन करणारे जुना लाल डेस्क फोन घेतात, डायलच्या जागी कोरी तबकडी बसवतात आणि त्यात दिवा लावतात. घोळ होतो तो दिव्यापाशीच. एलईडी 1-2 किलोओहम रेझिस्टर लावून थेट लाइनवर जोडला, की लाइनवर कायम असलेल्या 48 व्होल्ट डीसीमुळे त्यातून सतत करंट वाहतो. एक्स्चेंजला रिसीव्हर उचललेला वाटतो, लाइन कायम एंगेज. त्यापेक्षा छोटा निऑन दिवा आणि सिरीजमध्ये 100 किलोओहम बरा. 48 व्होल्टला तो पेटत नाही, 90 व्होल्ट एसीची रिंग आली की लुकलुकतो. फोन इंटरनेटला जोडणाऱ्या, कमी व्होल्टची रिंग देणाऱ्या अडॅप्टरवर मात्र निऑन पेटत नाही आणि घंटाही अडखळते.

डायल नसल्यामुळे 'उचलताच जोडणी', म्हणजे रिसीव्हर उचलताच ठरलेल्या नंबरला आपोआप फोन लागण्याची सोय, एक्स्चेंजकडून किंवा अडॅप्टरच्या हॉटलाइन सेटिंगमधून घ्यावी लागते. त्यात विलंब शून्य सेकंद ठेवावा, नाहीतर आधी डायलटोन ऐकू येतो. दोन फोन नुसते बॅटरीला सिरीजमध्ये जोडले तर बोलता येतं, पण घंटा वाजत नाही.