गळवाची जखम: तिळाच्या वातीपासून अल्जिनेटपर्यंत

गळवाला चिरा देऊन पू काढला की आत पोकळी उरते. ती सहसा शिवत नाहीत. तळापासून भरत वर येऊ देतात. वरची कातडी आधी मिटली, तर आत पुन्हा पू साचतो. त्यामुळे या पोकळीत काय ठेवायचं, हा प्रश्न फार जुना आहे.

सुश्रुतसंहितेत त्याचं नेमकं उत्तर आहे. कच्चं गळू कापू नये, पिकलेलं तसंच ठेवू नये. चिरा दिल्यावर जखम धुवावी, तिळाचा कल्क (वाटून केलेला लगदा), मध आणि तूप लावलेली वात आत सरकवावी, वर पट्टी बांधावी आणि ती तिसऱ्या दिवशी सोडावी. घाईने दुसऱ्याच दिवशी सोडली तर जखम उशिरा भरते, वेदनाही तीव्र होतात. हा इशारा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आधुनिक काळात त्याचंच भान बराच काळ सुटलं होतं.

१८६७ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक कार्बोलिक ॲसिडच्या उपचारावर लेख लिहिले, त्यांच्या शीर्षकातच गळवाचा उल्लेख होता. १८७१ मध्ये स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल या राजवाड्यात त्यांनी राणी व्हिक्टोरियाच्या काखेतलं गळू फोडलं. जखमेत ठेवलेल्या कापडाच्या वातीने निचरा नीट होईना. तेव्हा लिस्टर यांनी कार्बोलिक फवारण्याच्या यंत्राच्या रबरी नळीचा तुकडा कापला, कार्बोलिकमध्ये भिजवला आणि जखमेत बसवला. पू वाहू लागला. पोकळी भरून टाकणं वेगळं आणि तिचा निचरा करणं वेगळं, हे यातून दिसतं.

तरीही पुढे पोकळीत गॉज (जाळीदार सुती कापड) ठासून भरण्याचीच पद्धत रुजली. गॉज स्वस्त, निर्जंतुक करायला सोपं. पण ते वाळून चिकटतं आणि रोज ओढून काढताना नव्या मांसाचे नुकतेच आलेले नाजूक लाल अंकुरही त्याच्याबरोबर निघतात. ज्याने हे ड्रेसिंग सोसलंय, त्याला त्या वेदना वेगळ्या सांगायला नकोत.

१९६२ मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की पातळ फिल्मखाली ओलसर राहिलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा खपली धरलेल्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने येते. पुढे हायड्रोकोलॉइड (ओलाव्याने जेल होणारा थर), फोम आणि अल्जिनेट ही ड्रेसिंग त्याच विचारावर वाढली. समुद्री शेवाळापासून केलेलं अल्जिनेट स्राव शोषून जेलसारखं होतं, सलाइनने धुतलं की अलगद सुटतं.

मलमांची गोष्ट छोटी आहे. सिल्व्हर सल्फाडायझिन हे चांदीयुक्त जंतुनाशक मलम १९६८ मध्ये आलं ते भाजलेल्या जखमांसाठी. गळू बंद असताना वरून लावलेलं मलम आतल्या पुवापर्यंत पोचत नाही. चिऱ्याची जागा ते घेऊ शकत नाही.

गुदद्वाराजवळच्या गळवांबाबत ब्रिटनमधल्या चारशेहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. पोकळीत काहीही न भरलेल्यांना वेदना कमी झाल्या. भगंदर (गुदद्वारापासून बाहेरच्या त्वचेपर्यंत पडणारी नळीसारखी वाट) किंवा पुन्हा गळू होण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं नाही. रक्तस्राव थांबवण्यापुरतं पॅकिंग, म्हणजे पोकळीत गॉज भरणं, मात्र अजूनही लागतं.