डायनो रन: गाडी स्टॉक (कोणताही बदल न केलेली) असतानाच एकदा करून घ्या

डायनो म्हणजे चाकं रोलरवर फिरवून गाडीची ताकद मोजणारं मशीन, आणि रन म्हणजे त्यावरची एक चाचणी. त्यासाठी आमच्याकडे फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: कंपनी १५० पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं एकक) सांगते, मग तुमच्या मशीनवर कमी का दिसतात?

कंपनीचा आकडा इंजिनच्या क्रँकशाफ्टवरचा, म्हणजे इंजिनमधून ताकद बाहेर देणाऱ्या दांड्यावरचा असतो. आमचा डायनो चाकावरची ताकद मोजतो. मधे क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट आणि टायर आपापला वाटा खातात. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत हा वाटा साधारण १० ते १५ टक्के धरतात, पण तो गिअरनुसार, अगदी टायरमधल्या हवेनुसारही बदलतो. म्हणून अंदाजे टक्के मिळवून 'इंजिनची ताकद' आम्ही छापून देत नाही. जे मोजलं तेच कागदावर येतं.

आणि खरं सांगायचं तर, सर्वात मोठ्या आकड्यापेक्षा ग्राफचा आकार महत्त्वाचा. या १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १६०० ते ३५०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला इंजिनचे फेरे) २५० न्यूटन मीटर, आणि १५० पीएस ५००० ते ६००० आरपीएमच्या पट्ट्यात. टॉर्कला आरपीएमने गुणून ७०२३ ने भागलं की पीएस मिळतात. म्हणजे ३५०० ला सुमारे १२५ पीएस. पुढे ५००० ला १५० पीएससाठी २११ न्यूटन मीटर पुरतात, ६००० ला तर १७६ च. वरच्या टप्प्यात टॉर्कची रेघ उतरताना दिसली तर घाबरू नका, हे इंजिन तसंच बनवलेलं आहे.

काळजी करायची ती रेघ मधेच खचली, करवतीसारखी दातेरी आली किंवा टॉर्क उशिरा चढला तर. अशा वेळी आधी स्पार्क प्लग, एअर फिल्टर आणि टर्बोच्या पाइपांची गळती तपासायला हवी. दुखण्यावर रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकाच्या सेटिंग बदलणं) चढवणं आम्हाला पटत नाही, आणि स्टॉक ग्राफ हाती नसेल तर रीमॅपने नेमकं काय दिलं हेही कोणाला सांगता येणार नाही.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब सहाएक टक्के कमी असतो. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते. टर्बो मात्र इंजिनात हवा दाबून भरतो, त्यामुळे बरीच भरपाई करतो. कमी दाबाची भरपाई म्हणून आकडा वाढवणारी हवामानाची नेहमीची दुरुस्ती टर्बो गाडीला लावली की आकडा उगाच फुगू शकतो. म्हणून आम्ही मूळ आकडे देतो आणि शेजारी त्या वेळचं तापमान, दाब लिहितो. रनही एकावर थांबत नाही. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तापला की इंजिनचा संगणक इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि ताकद उतरते, ते लागोपाठच्या रनमध्येच कळतं.

डायनोवर मागची चाकं थांबलेली आणि पुढची फिरणारी, हे ईएससीला (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेला) घसरणं वाटतं. त्यामुळे रनपुरतं ते बंद ठेवतो. डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागू शकतो, गाडी परत देण्याआधी आम्ही तो तपासतो. दोन सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा कमी भारावरच चालते, तिचा पूर्ण थ्रॉटलच्या रनवर परिणाम होत नाही.

येताना नेहमीचंच पेट्रोल असू द्या आणि कोणतं ते सांगा. टायर झिजलेले किंवा फुगवटा आलेले असतील तर रन करणार नाही. ऑइल बदलायची वेळ झाली असेल तर आधी बदला. नवी गाडी १५०० किलोमीटर झाल्यावरच आणा.