सायबॉर्ग आणि रोबोटमॅन: धातू एक, दुखणी दोन

डीसी कॉमिक्सच्या या दोन नायकांची गल्लत होणं साहजिक आहे. दोघेही एकेकाळचे धडधाकट, मैदान गाजवणारे. दोघांवरही घाला पडला आणि दोघांनाही कुणा शास्त्रज्ञाने धातूत बांधून पुन्हा उभं केलं. त्यात २०१९ च्या 'डूम पेट्रोल' या टीव्ही मालिकेने दोघांना एकाच घरात आणून बसवलं. माझा भाचा दोघांनाही सरसकट 'रोबो' म्हणतो. रोबो खरं तर दोघांपैकी एकही नाही.

व्हिक्टर स्टोन, म्हणजे सायबॉर्ग, १९८० सालचा. लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी टीन टायटन्स या तरुण नायकांच्या चमूच्या नव्या संचासाठी त्याला घडवलं. वडिलांच्या प्रयोगातून दुसऱ्या मितीतला एक राक्षसी जीव आत शिरतो, आई जाते, व्हिक्टरच्या शरीराची चाळण होते आणि वडील त्याला यांत्रिक अवयव बसवून वाचवतात. क्लिफ स्टील, म्हणजे रोबोटमॅन, त्याच्याहून सतरा वर्षांनी थोरला: १९६३ चा. मोटार शर्यतीत गाडीचा चक्काचूर होतो आणि डॉ. नाइल्स कॉल्डर त्याचा मेंदू तेवढा उचलून यांत्रिक देहात ठेवतात.

म्हणजे एकाचं बरंच काही उरलं, दुसऱ्याचा फक्त मेंदू. 'सायबॉर्ग' हा शब्द १९६० साली मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी सजीव आणि यंत्र यांच्या जोडणीसाठी काढला. त्या हिशेबाने क्लिफही सायबॉर्गच ठरतो. पण नाव पडलं ते पडलं.

हा फरक चित्रात आधी दिसतो. पेरेझचा व्हिक्टर पाहा: अर्ध्या चेहऱ्यावर धातू, त्यात लाल डोळा, आणि उरलेल्या अर्ध्यात माणसाची भुवई, गाल, ओठ. राग, लाज, हसू, सगळं त्या अर्ध्यात मावतं. क्लिफचा चेहरा म्हणजे न हलणारा मुखवटा. त्याचं मन कळतं ते खांदे पडले की मान झुकली यावरून, नाहीतर संवादाच्या फुग्यांतून. म्हणूनच की काय, साठच्या दशकात त्याचा हात तुटला, पाय निखळला तरी पुढच्या अंकात नवा देह हजर. व्हिक्टरचं असं काही झालं तर वाचकाच्या अंगावर काटा येतो.

व्हिक्टरचं दुखणं लोकांच्या नजरेत आहे. आपल्याकडे बघून माणसं दचकतात, हे त्याला सलतं. मग त्याला सेरा सिम्स भेटते. ती अपंग मुलांना शिकवते, आणि कृत्रिम अवयवांची सवय करून घेणारी तिची मुलं व्हिक्टरच्या चकचकीत हातापायांवर बेहद्द खूश होतात. मला हा प्रसंग त्याच्या सगळ्या मारामाऱ्यांहून मोठा वाटतो. एक तक्रार मात्र आहे. खरा कृत्रिम पाय वापरणारा माणूस रात्री तो काढून ठेवतो, घासलेल्या जागी मलम लावतो. व्हिक्टरचे अवयव काही रुतत नाहीत. ते थेट शस्त्रंच होतात.

क्लिफचं दुखणं नजरेचं नाही, स्पर्शाचं आहे. १९८९ मध्ये लेखक ग्रँट मॉरिसनने 'डूम पेट्रोल'चं कॉमिक हाती घेतलं तेव्हा क्लिफ मनोरुग्णालयात सापडतो. हात कापलेल्या माणसाला नसलेला हात जाणवत राहतो, हे आपण ऐकलेलं असतं. क्लिफचं म्हणणं असं की त्याला अख्खं शरीरच तसं छळतं. त्याच कॉमिकमध्ये पुढे, ३४ व्या अंकात, मेंदू बाहेर काढून ठेवलेला असताना त्या रिकाम्या देहालाच जाग येते, आणि क्लिफचा मेंदू परत आत घ्यायला तो साफ नकार देतो.