बाण मिळतो तो मतांवर: ऑर्डर ऑफ द ॲरोची पार्श्वभूमी

आपल्याकडे शाळेत स्काउट केलेल्यांच्या डोक्यात सोपानांचा हिशेब पक्का बसलेला असतो. प्रथम, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती. अमेरिकेत ईगल या सर्वोच्च रँकपर्यंतची शिडी साधारण तशीच आहे, पण ऑर्डर ऑफ द ॲरो ही तिथली ऑनर सोसायटी, म्हणजे निवडक स्काउट्सची मानाची संस्था, त्या शिडीवर नाहीच. त्यामुळे तिकडे पोराला स्काउटमध्ये घातलेल्या आईबापांनी 'आता याने अजून काय पूर्ण करायचं?' असं विचारलं तर उत्तर जरा विचित्र येतं, की शिडीवरची फर्स्ट क्लास ही रँक हवी, दोन वर्षांत पंधरा रात्री कॅम्पिंग हवं, त्यात एक मोठा कॅम्प हवा, आणि हे सगळं झालं की फक्त मतपत्रिकेवर नाव येतं.

सुरुवात १९१५ च्या जुलैतली. डेलावेअर नदीतल्या एका बेटावर फिलाडेल्फियाच्या स्काउट्सचा उन्हाळी कॅम्प भरायचा, तो चालवणाऱ्या विशीतल्या दोघांनी ही सोसायटी काढली. मोठी पोरं कॅम्पला परत यावीत आणि जी शपथेप्रमाणे खरंच वागतात त्यांची दखल घ्यावी, एवढाच हेतू. नावं, समारंभ वगैरे तिथल्या लेनापे या आदिवासी लोकांच्या भाषेतून आणि कथांमधून उचलले. १९२२ ला प्रयोग म्हणून मान्यता, १९३४ ला पक्की आणि १९४८ ला मूळ स्काउट संघटनेत पूर्ण विलीन. मधला काळ बैठका आणि ठरावांचा आहे, तो सोडून देतो.

खरी भानगड निवडणुकीची. सदस्य निवडतात ते बहुतेक करून स्वतः सदस्य नसलेले! ट्रूपमधली, म्हणजे स्काउट पथकातली, सगळी पोरं मत देतात, अगदी गेल्या महिन्यात आलेलं दहा-अकरा वर्षांचं पोरगं पण. सोसायटी काढणाऱ्या त्या दोघांचं म्हणणं असं की आतल्यांनी निवडलं तर कंपू होतो, आणि तंबूत सोबत राहिलेल्यालाच माहीत असतं भांडी घासायच्या वेळी कोण गायब होतं ते. पटण्यासारखं आहे. पण मग लोकप्रिय पोरगं निवडून येणार आणि गपचूप काम करणारं राहून जाणार, ही तक्रारही तेवढीच जुनी, आणि मला विचाराल तर ती पूर्ण खोटी नाही. पूर्वी तर किती जण निवडायचे यालाच मर्यादा होती, म्हणजे लायक असूनही कुणीतरी बाहेर राहणारच. ती मर्यादा नंतर गेली, आता हवी तेवढी नावं लिहा, निम्म्या मतपत्रिकांवर नाव आलं की झालं. पण यादीत नाव घ्यायला ट्रूपच्या प्रमुखाची संमती लागते, म्हणजे मुलांच्या आधी एक चाळणी मोठ्यांची आहेच, हे फारसं कुणी बोलून दाखवत नाही.

निवडून आल्यावर 'ऑर्डील'. याला मराठीत 'दिव्य' म्हणावं तर आपल्याला उकळत्या तेलातलं रवादिव्य आठवतं, तसलं काही नाही. एक रात्र एकट्याने उघड्यावर झोपणं, दिवसभर न बोलता, कमी खाऊन कॅम्पची कामं करणं. म्हणजे 'मिळवणं' असं काही असेल तर ते निवड झाल्यानंतर सुरू होतं, मग पांढऱ्या पट्ट्यावरचा लाल बाण.

पुढचे बदल मात्र उशिराचे. १९८८ पासून मोठ्या बायकांना प्रवेश, २०१९ पासून मुलींना. त्याच वर्षापासून कब स्काउट्सच्या, म्हणजे लहान पोरांच्या, समारंभात पिसांचे मुकुट, आदिवासी पोशाख घालणं बंद केलं, कारण ज्यांची संस्कृती उचलली त्यांना काय वाटतं हा प्रश्न शंभर वर्षांनी का होईना विचारला गेला.

आणि एकवीस वर्षांवरच्यांसाठी मतदान नाही. त्यांची नावं ट्रूपची कमिटी सुचवते, तिथे पोरांना कुणी विचारत नाही.